संकेतस्थळाचे द्वारपाल व आडवाटेचे पाहुणे

दारावर बसणाऱ्या मनुष्यास आलेल्याचें अंतरंग कधींच दिसत नाहीं. तो कोठून आला एवढेंच काय तें त्यास कळूं शकतें. जुन्या काळीं नाक्यावरील चौकीदार दस्तक पाहून वाटसरूस पुढें सोडीत असे, व दस्तकावर शिक्का कोणाचा आहे ह्यावरून तो साव कीं चोर हें ठरवीत असे. इंटरनेटवरील संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाची स्थिति ह्याहून फारशी निराळी नाहीं. त्याच्या दाराशीं येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा एक आंकडी पत्ता असतो, आणि त्या पत्त्यापलीकडे पाहुण्याविषयीं खात्रीची अशी माहिती त्यास क्वचितच मिळते. हा पत्ताच जेव्हां दुसऱ्याचा असतो तेव्हां काय करावें, हा प्रश्न गेलीं सुमारें तीस वर्षें ह्या द्वारपालांस छळीत आहे. त्यांनीं शोधलेल्या उत्तरांचा इतिहास पाहूं गेल्यास, चोरांबरोबर साव किती भरडले गेले ह्याचाच तो बराचसा इतिहास आहे, असें दिसून येतें.

हा पत्ता मुळांत ओळखीसाठीं योजिलेलाच नव्हता. १९८१ च्या सप्टेंबर महिन्यांत इंटरनेटच्या पत्त्यांचे जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत ३२ बिटांचा एक आंकडा हा यंत्राचा पत्ता ठरला. असे आंकडे ४,२९,४९,६७,२९६ होऊं शकतात. पाकीट योग्य ठिकाणीं पोंचावें व त्याचें उत्तर परत यावें, एवढाच त्याचा उद्देश. टपालवाला पाकिटावरचें गांव पाहतो, लिहिणाऱ्याचा स्वभाव पाहत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. पुढें १९९० नंतर संकेतस्थळें निघालीं, त्यांच्या यंत्रांनीं आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ नोंदवहींत लिहिण्यास आरंभ केला, आणि त्या ओळीच्या आरंभीं हा पत्ता जाऊन बसला. व्यवस्थापकाच्या हातीं दुसरें कांहीं नव्हतें. म्हणून त्यानें पत्त्यासच माणूस मानलें. पुढील सारे घोटाळे ह्या एका सोयीच्या समजुतींतून निघाले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

व्ही. पी. एन., म्हणजे आभासी खाजगी जाळें, ही युक्तीही लपण्यासाठीं निघाली नाहीं. दूरदूरच्या गांवीं शाखा असलेल्या कंपन्यांस आपलीं कार्यालयें जोडण्यासाठीं टेलिफोन कंपन्यांकडून स्वतंत्र तारा भाड्यानें घ्याव्या लागत, व तें भाडें जबर असे. सार्वजनिक इंटरनेटमधूनच, परंतु सांकेतिक लिपींत बंद करून, मजकूर नेतां आला तर हा खर्च वांचेल, असा विचार पुढें आला. १९९५ च्या ऑगस्टांत आयपीसेक ह्या पद्धतीचे पहिले नियम प्रसिद्ध झाले. १९९६ सालीं मायक्रोसॉफ्ट व तिच्या सहकारी कंपन्यांनीं पीपीटीपी नांवाची रीति पुढें आणली. २००१ सालीं जेम्स योनान ह्या गृहस्थांनीं ओपनव्हीपीएन लिहिण्यास घेतलें, त्याचें निमित्त त्यांचा मध्य आशियांतील प्रवास हें होतें. तेथून आपल्या कार्यालयाशीं जोडून घेतांना मधल्या परक्या जाळ्यांवर विश्वास कितपत ठेवावा, ही त्यांची चिंता होती.

ह्या युक्तीचें मर्म पत्राच्या दृष्टान्तानें ध्यानांत येईल. पुण्याच्या एखाद्या गृहस्थानें आपलें पत्र एका मोहोरबंद मोठ्या पाकिटांत घालून ॲमस्टरडॅमच्या मध्यस्थाकडे पाठवावें. मध्यस्थानें बाहेरचें पाकीट फोडून आंतील पत्र आपल्या पत्त्यानें पुढें रवाना करावें, आणि उत्तर आलें म्हणजे तें त्याच वाटेनें पुण्यास लावून द्यावें. ज्यास पत्र मिळालें त्याच्या लेखीं तें ॲमस्टरडॅमहूनच आलें. पुण्याच्या टपालवाल्यास मात्र एवढें दिसतें कीं, हे गृहस्थ रोज एकाच परदेशी पत्त्यावर मोहोरबंद पाकिटें धाडीत आहेत.

ह्यावरून वाटेवरचा पहारेकरी व दारावरचा पहारेकरी ह्यांतील भेद स्पष्ट होतो. वाटेवर बसलेल्यास, मग ती इंटरनेट पुरविणारी कंपनी असो कीं चीनसारखें सरकार असो, बोगदा प्रत्यक्ष दिसतो. आंतला मजकूर वाचतां आला नाहीं तरी बोगद्याची घडण ओळखतां येते. २०२२ सालीं मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं एका इंटरनेट कंपनीच्या सहकार्यानें जो प्रयोग केला, त्यांत ओपनव्हीपीएनच्या शेंकडा ८५ हून अधिक जोडण्या अशा वाटेवरूनच ओळखल्या गेल्या. संकेतस्थळाचा व्यवस्थापक दारावर बसलेला. बोगदा त्याच्या अंगणांत येतच नाहीं. तो मध्यस्थापाशीं संपतो, आणि तेथून पुढें अगदीं साधें पाकीट दाराशीं येतें. तेव्हां त्यास पाहुणा ओळखतां येत नाहीं, मध्यस्थ तेवढा ओळखतां येतो. आणि मध्यस्थ ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मध्यस्थांची यादी करणें.

याद्यांची ही विद्या प्रथम टपालाच्या खात्यांत वाढली. १९९७ सालीं पॉल व्हिक्सी ह्यांनीं निरुपयोगी जाहिरातींचीं पत्रें ओतणाऱ्या यंत्रांच्या पत्त्यांची एक काळी यादी चालू केली. कोणत्याही टपाल-यंत्रानें पत्र स्वीकारण्यापूर्वीं त्या यादीस विचारावें, व नांव सांपडल्यास दार लावून घ्यावें, अशी ही सोय होती. ती इतकी आवडली कीं पाठोपाठ अशा याद्यांचें पीकच आलें. कोणी उघड्या मध्यस्थांची यादी केली, कोणी भाड्यानें सर्व्हर देणाऱ्या केंद्रांच्या पत्त्यांची. ह्या शेवटच्या यादीमागचें तर्कशास्त्र असें कीं, सर्व्हर ठेवण्याच्या कोठारांत कोणी मनुष्य राहत नाहीं; तेथून वाचक आला तर तो आडवाटेनेंच आला असला पाहिजे. कोणता पत्ता कोणत्या संस्थेस नेमून दिलेला आहे हें पत्ते वांटणाऱ्या संस्थांच्या दप्तरांत उघड नमूद असतें. तेव्हां अशी यादी करणें कठीण नव्हतें, आणि तिचा तर्कही बहुधा खरा ठरे.

टॉर नांवाच्या जाळ्यानें तर द्वारपालांचें काम आपण होऊनच हलकें केलें. अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेंत जन्मलेली ही कल्पना २००२ च्या सुमारास प्रत्यक्षांत आली. तींत पत्र एका नव्हे तर तीन मध्यस्थांच्या हातून जातें, आणि पत्र कोणी लिहिलें व कोणास लिहिलें ह्या दोन्ही गोष्टी कोणाही एका मध्यस्थास कळत नाहींत. असें असूनही ज्या शेवटच्या दारांतून पत्रें बाहेर पडतात त्यांची यादी टॉर चालविणारे स्वतःच प्रसिद्ध करतात. ज्यास हे पाहुणे नकोत त्यानें त्यांस खुशाल नाकारावें, फसवून कोणाच्या घरांत शिरावयाचें नाहीं, असा ह्यामागील विचार. गुप्ततेचें व्रत घेतलेल्या संस्थेनें पाळलेला हा सचोटीचा नियम मोठा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. विकिपीडियानें त्या यादीचा उपयोग केला तोही विचारपूर्वक: टॉरमधून येणाऱ्यास लेख वाचण्याची मोकळीक राहिली, लेखांत फेरफार करणें तेवढें बंद झालें.

परंतु यादी करणारा हात नेहमींच इतका जपून चालत नाहीं. २००७ सालच्या अगदीं आरंभीं इंग्रजी विकिपीडियाच्या एका व्यवस्थापकानें लेखांची वारंवार नासधूस होते म्हणून एक पत्ता बंद केला. रोजच्या अशा कित्येक बंद्यांपैकीं ती एक. थोड्याच वेळांत उघडकीस आलें कीं तो पत्ता कोणा एका खोडकराचा नसून, कतार देशांतील एकमेव इंटरनेट कंपनीच्या मध्यस्थ यंत्राचा होता, व त्या देशांतील जवळजवळ सगळे लोक त्याच एका दारानें बाहेर पडत होते. नांव न नोंदवितां लेखन करण्यास एका बटनानें अख्ख्या देशाला मनाई झाली! वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, बंदी उठविण्यांत आली. तथापि त्यांतून एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. एका पत्त्यामागें किती माणसें उभीं आहेत हें पत्त्याकडे पाहून सांगतां येत नाहीं.

मग द्वारपालांनीं याद्यांच्या जोडीस इतर खुणा शोधण्यास सुरुवात केली. त्यांपैकीं एक पाकिटाच्या आकाराची. साध्या तारेवरून जाणारें पाकीट जास्तींत जास्त १,५०० बाइटांचें असतें; त्यांतून ४० बाइट पत्त्यांच्या मजकुरास गेले म्हणजे १,४६० उरतात, आणि पाहुण्याचें यंत्र जोडणीच्या आरंभींच हा आंकडा स्वतः सांगतें. बोगद्यांतून येणाऱ्या पाकिटास बाहेरचें वेष्टन लागतें, म्हणून आंत जागा कमी उरते. वायरगार्ड ह्या अलीकडील पद्धतींत १,४२० चें पाकीट धरतात, म्हणजे आंकडा १,३८० वर येतो. पोलिश संशोधक मिखाऊ झालेव्स्की ह्यांनीं २००० सालीं लिहिलेलें पी-झिरो-एफ हें साधन अशाच बारीक खुणांवरून समोरच्या यंत्राची जात ओळखीत असे. युक्ति सुंदर आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु भारतांतील घरगुती ब्रॉडबँडच्या कित्येक जोडण्यांवरही एक पातळसें वेष्टन चढविलेलें असतें, व त्यांचा आंकडा १,४५२ भरतो. मोबाइलच्या जाळ्यांचे आंकडे आणखी निराळे. आंकडा उणा दिसला कीं बोगदा समजणारा द्वारपाल अशा निरुपद्रवी गृहस्थांसही हटकल्यावांचून राहत नाहीं.

दुसरी खूण घड्याळाची. पाहुण्याचा पत्ता ॲमस्टरडॅमचा आणि त्याच्या यंत्रावरील घड्याळ ग्रिनिचपेक्षां साडेपांच तास पुढें, असें दिसलें कीं पाहुणा भारतांत बसलेला आहे असा कयास बांधतात. आपल्या घड्याळाचा हा अर्धा तास जगांत थोड्याच देशांजवळ असल्यामुळें तो चटकन उठून दिसतो. पण नोकरीनिमित्त खरोखरच ॲमस्टरडॅमला गेलेल्या व घड्याळ न बदललेल्या पुणेकराचें काय? त्याच्या उलट, पुण्यांतच बसून अमेरिकन कंपनीचें काम करणारा जो तरुण कार्यालयाच्या बोगद्यांतूनच आपल्या बँकेचें संकेतस्थळ उघडतो, तो अमेरिकेंतून आलेला दिसतो. ह्या दोघांनींही लपण्याचा विचार स्वप्नांतसुद्धां केलेला नसतो.

व्यापारी करमणुकीचें क्षेत्र ह्या शोधांत उतरल्यावर त्यास युद्धाचें स्वरूप आलें. नेटफ्लिक्स कंपनीनें ६ जानेवारी २०१६ रोजीं भारतासह १३० नव्या देशांत आपलें दुकान उघडलें. चित्रपटांचे हक्क मात्र देशोदेशीं वेगवेगळे विकत घेतलेले असतात. म्हणून अमेरिकेचा पत्ता धारण करून अमेरिकेचे चित्रपट पाहणारे लोक हक्कदारांस डोईजड झाले होते. अवघ्या आठ दिवसांनीं, १४ जानेवारीस, अशा मध्यस्थांस ह्यापुढें अटकाव करण्यांत येईल असें कंपनीनें जाहीर केलें. त्याच वर्षाच्या जूनमध्यें हरिकेन इलेक्ट्रिक ह्या संस्थेच्या बोगद्यांतून येणारे लोक अडले. हा बोगदा लपण्याचा नव्हताच. ज्यांची इंटरनेट कंपनी नव्या पद्धतीचे लांब पत्ते देत नसे, त्यांस ते पुरविण्याची ती एक विनामूल्य सोय होती. नव्या पद्धतीचा उत्साहानें स्वीकार करणाऱ्यांसच तेवढी शिक्षा झाली.

आतां, पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या याद्या विकणाऱ्या कंपन्या निघाल्या, व त्यांच्याकडूनच मध्यस्थांच्या याद्याही विकत मिळूं लागल्या. ह्या याद्यांवर किती भार टाकावा, ह्याचा दाखला अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत मिळाला. मॅक्समाइंड ह्या कंपनीला ज्या पत्त्यांविषयीं 'अमेरिकेंत कोठें तरी' ह्याहून अधिक कळत नसे, त्यांपुढें ती देशाच्या मध्यावरचा एक बिंदु लिहीत असे. आंकडे सुटसुटीत असावेत म्हणून ३८ अक्षांश व ९७ रेखांश असा तो धरलेला होता. तो बिंदु पॉटविन गांवाजवळच्या एका शेतावर पडला. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या शेतावर नोंदले गेले! २०१६ च्या एप्रिलमध्यें एका वार्ताहर बाईंनीं ही हकीकत उजेडांत आणीपर्यंत तेथील शांत कुटुंबाकडे वर्षानुवर्षें पोलिस व फसवणूक झालेले संतप्त लोक येत राहिले; कोणाचें चोरलेलें यंत्र तेथें शोधलें जाई, कोणी पळालेल्यांचा तपास करी. यादींतील रिकाम्या रकान्यांत कांहीं तरी भरलें पाहिजे, ह्या कारकुनी हौसेचें हें फळ होय. बातमी फुटल्यावर कंपनीनें तो बिंदु हलवून एका जलाशयाच्या मधोमध नेऊन ठेवला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीनें ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं संपला, आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा सांठा त्याच वर्षाच्या १५ एप्रिलला शेवटच्या हप्त्यावर आला. ज्या देशांत इंटरनेट आधीं पसरलें त्यांच्यापाशीं पत्ते भरपूर. जेथें तें उशिरा पोंचलें तेथें टंचाई. म्हणून आपल्याकडील मोबाइल कंपन्यांस असंख्य गिऱ्हाइकें एकेका जुन्या पत्त्यामागें उभीं करावीं लागतात. २०१२ सालीं तर अशा भागीदारीसाठीं पत्त्यांचा एक गट मुद्दाम राखून ठेवण्यांत आला. आतां, एका पत्त्यामागून एकाच वेळीं पुष्कळ माणसें येणें ही व्ही. पी. एन. ची एक ठळक खूण समजली जाते. कतारवर जें एकदां ओढवलें, तें अशा रीतीनें नांदेड-परभणीच्या एखाद्या विद्यार्थ्यावर रोज ओढवूं शकतें. शेजाऱ्याच्या खोडीबद्दल चित्रांतील मोटारी व रस्त्यावरचे दिवे ओळखून दाखविण्याचें प्रायश्चित्त त्यानें घ्यावयाचें!

२८ एप्रिल २०२२ रोजीं भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनें, व्ही. पी. एन. पुरविणाऱ्यांनीं आपल्या गिऱ्हाइकांची माहिती पांच वर्षें जतन करावी, असा आदेश काढला. त्याचा परिणाम मोठा विचित्र झाला. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन ह्या कंपन्यांनीं आपले भारतांतील सर्व्हर काढून घेतले. परंतु एक्सप्रेसव्हीपीएननें भारतीय म्हणून नोंदलेले पत्ते सिंगापूर व इंग्लंड येथील यंत्रांवरून देणें चालू ठेवलें. म्हणजे मुंबईच्या एखाद्या व्यवस्थापकास नोंदवहींत जो पाहुणा भारतीय दिसतो, त्याचा मध्यस्थही भारताच्या भूमीवर असेलच असें राहिलें नाहीं.

दरम्यान आडवाटेच्या व्यापाऱ्यांनींही आपली चाल बदलली. कोठारांचे पत्ते ओळखले जातात, तर घरांचे पत्ते वापरावेत! इस्राएलमधील होला कंपनीचें फुकट साधन घेणाऱ्यांच्या घरच्या जोडण्या दुसऱ्यांस भाड्यानें दिल्या जातात, ही गोष्ट २०१५ च्या मे महिन्यांत एका संकेतस्थळावर त्या मार्गानें हल्ला झाल्यावर सर्वांस समजली. ह्याहून भयंकर प्रकरण ९११ एस-५ ह्या टोळक्याचें. अमेरिकन न्यायखात्यानें २०२४ च्या मे महिन्यांत त्याचा बीमोड झाल्याचें जाहीर केलें, तेव्हां १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते त्यांत गोंवले गेले होते असें सांगितलें. फुकट व्ही. पी. एन. म्हणून वांटलेल्या साधनांतून लोकांच्या घरच्या यंत्रांत शिरकाव करून घेतला जाई, व मग त्यांचे पत्ते ठगांस विकले जात. अशा वेळीं द्वारपालाची यादी नुसती अपुरी पडते असें नव्हे, ती उलटी होते. ठग दारांत येतो तो सभ्य गृहस्थाचा पत्ता घेऊन, आणि पुढें काळ्या यादींत जातो तो तो गृहस्थ.

ह्या सर्व खटाटोपांत सर्वांत अवघड पेंच विकिपीडियापुढें पडला. तुर्कस्तानच्या सरकारनें २९ एप्रिल २०१७ रोजीं विकिपीडिया आपल्या देशांत बंद केला. तेथील घटनात्मक न्यायालयानें २०१९ च्या डिसेंबरांत ही बंदी घटनाविरुद्ध ठरविली, व १५ जानेवारी २०२० रोजीं वाट पुन्हां मोकळी झाली. मधल्या काळांत तुर्की वाचकांनीं व्ही. पी. एन. चा आधार घेतला आणि त्यांस लेख वाचतां आले. परंतु जे वर्षानुवर्षें तेथें लेख लिहीत आले होते त्यांची कुचंबणा झाली. सरळ वाटेवर सरकारचा पहारा, आणि आडवाटेनें आलें तर विकिपीडियाचाच द्वारपाल मध्यस्थाचा पत्ता पाहून हातांतली लेखणी काढून घेणार! २०१९ च्या एप्रिलपासून चीननें सर्व भाषांतील विकिपीडियास अटकाव केला, त्यामुळें तेथील लेखकांचीही हीच गत झाली. अशा लोकांसाठीं विकिपीडियाच्या नियमांत एक सूट आहे. ज्याचें पूर्वीचें लेखन चांगलें आहे अशा नोंदलेल्या सभासदानें अडचण सांगून अर्ज करावा. कोणी अधिकारी सभासद तो वाचतो, त्याचें जुनें काम चाळून पाहतो, आणि पटल्यास त्या एका नांवापुरती पत्त्याची अट शिथिल करतो. यंत्रास हें काम सोंपविलेलें नाहीं. एकेक अर्ज माणसास वाचावा लागतो, आणि अर्जदारास कधीं कधीं बराच काळ वाट पाहावी लागते.